लक्ष कुठे होतं तुझं?

घरातला ग्लुकोमीटर घ्या, डिजिटल थर्मामीटर घ्या, नेब्युलायझर घ्या. खोक्यातलं माहितीपत्रक शोधा (फेकलं नसेल तर!). त्यात कुठेतरी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ सापडेल: 'लहान मुलांपासून दूर ठेवा.' झालं कंपनीचं काम. पुढे काही बरंवाईट घडलं तर घरात एकच प्रश्न विचारला जातो, आणि तो बहुतेक वेळा सुनेला नाहीतर आजीला विचारला जातो: "लक्ष कुठे होतं तुझं?"

आजचा लेख या प्रश्नावर चिडून लिहिलाय, हे आधीच सांगून टाकतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपली घरं छोटे दवाखाने झाली आहेत. बीपीचं यंत्र, शुगरचं यंत्र, इन्सुलिनचं पेन, ऑक्सिमीटर, वाफेचं यंत्र, काही घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, वरखाली होणारा लोखंडी पलंग. यंत्रं आली, पण दवाखान्यातले नियम काही त्यांच्यासोबत आले नाहीत. ही फट आपण 'लक्ष ठेवा' या दोन शब्दांनी बुजवायला बघतो. ती बुजत नाही, कारण लक्ष ठेवणं हा सुरक्षेचा उपायच नव्हे. उपाय म्हणजे लक्ष नसतानाही जो चालतो तो.

आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात. फॉर्ममध्ये वयाच्या जागी कुणी 'अबक' टाइप केलं आणि प्रोग्रॅम कोसळला, तर 'युजरने असं करू नये' असं मॅन्युअलमध्ये लिहून बग बंद करता येत नाही. केलात तर टेस्टिंगवाली मुलगी तो पाच मिनिटांत परत उघडते आणि वर तुमच्या मॅनेजरला सीसी करते. युजर काहीही करणार, हे धरूनच लिहायचं असतं. आणि दीड वर्षाच्या मुलापेक्षा भारी टेस्टर मी कुठल्याही कंपनीत पाहिलेला नाही. तो मॅन्युअल वाचत नाही. प्रत्येक बटण दाबतो, प्रत्येक झाकण ओढतो, सुटलेला प्रत्येक भाग तोंडात घालतो, आणि तुम्ही 'नको' म्हटलंत की तीच टेस्ट केस पुन्हा चालवतो. :)

आता जरा आमच्या उत्तनबद्दल. भाईंदर पश्चिमेला उतरून बस पकडली की खाडी आणि मिठागरं मागे टाकत डोंगरीवरून ती उत्तनला येते. चौक, पाली, भाटे बंदर, समोर समुद्र, वाळत घातलेले बोंबील. रविवारी बीच आणि रिसॉर्टसाठी येणाऱ्यांना एवढंच दिसतं. गावठाणातली घरं मात्र एकमेकांना खेटून आहेत आणि आतून लहान आहेत. एका खोलीत टीव्ही, पलंग, वेदी, शिवणयंत्र आणि तीन पिढ्या. घरचा पुरुष बोटीवर गेला की दिवसचे दिवस समुद्रात असतो. बाई पहाटे मासळी घेऊन बाजाराला, नाहीतर हल्ली भाईंदर-अंधेरीला नोकरीला. मग नातवंडाकडे बघणार कोण? आजी. आणि मधुमेह कुणाला? आजीलाच!

हा मुद्दा मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडला नाही. ते गृहीत धरतात की घरात एक पेशंट असतो, एक मूल असतं आणि एक धडधाकट मोठं माणूस असतं, जे पहिल्याची यंत्रं दुसऱ्यापासून लांब ठेवतं. आपल्याकडे पेशंट आणि राखणदार ही एकच व्यक्ती असते. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, गुडघे दुखतात, दुपारच्या गोळीने डोळा लागतो. आणि हे काही उत्तनपुरतं नाही. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटी १० लाखांच्या घरात आहेत. तुम्ही मिरा रोडला असा नाहीतर कोथरूडला, दोघांच्या नोकऱ्या आहेत, म्हणजे दुपारी तुमच्या मुलाजवळ कोण असतं ते मला सांगायला नको.

आमच्या शेजारच्या मावशीशी परवा याच विषयावर बोलणं झालं.

"मी सगळं कपाटावर ठेवते रे," ती म्हणाली.

"आणि रात्री दोन वाजता साखर उतरल्यासारखं वाटलं तर? खुर्चीवर चढणार?"

"छे! रात्री उशाशीच घेते."

"आणि बाबू कुठे झोपतो?"

"माझ्या कुशीत," मावशी म्हणाली आणि हसायला लागली.

यात मावशीची चूक काय? पेशंटच्या हाताशी हवं आणि मुलाच्या हाताशी नको, अशा दोन अटी आहेत आणि दोन्हींचा हात एकाच उंचीवर आहे. 'दूर ठेवा' लिहिणाऱ्याने हा प्रश्न सोडवलेला नाही, मावशीच्या अंगावर ढकलला आहे.

यंत्रांतला सर्वांत वाईट भाग दिसायला सर्वांत साधा असतो. बटण सेल. बऱ्याच ग्लुकोमीटरमध्ये सीआर२०३२ नावाचा लिथियम सेल असतो. वीस मिलिमीटर व्यास, तीन व्होल्ट, दिसायला रुपयाच्या नाण्यासारखा. थर्मामीटरमधला त्याहून छोटा, शर्टाच्या बटणाएवढा. मुलाने सेल गिळला तर तो फुटून आतलं ॲसिड बाहेर येतं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याला फुटावं लागतच नाही. वीस मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. तिथे ओलावा असतो, सर्किट पूर्ण होतं, प्रवाह वाहू लागतो, आणि सेलच्या ऋण टोकाला तीव्र अल्कली तयार होतो. कॉस्टिक सोड्याने भाजावं तसं आतून भाजतं. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. पुढे अन्ननलिकेला भोक पडतं, कधी शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत जखम जाते. आणि 'संपलेला' सेलही हे करू शकतो, कारण यंत्र चालवायला अपुरा पडणारा व्होल्टेज भाजायला पुरतो. म्हणजे सेल बदलून जुना टेबलावर ठेवला की घरात धोका एकाचे दोन झाले.

आता दोन तासांचा हिशोब उत्तनमधून करून बघा. मूल लाळ गाळतंय, खात नाहीये. आजीला वाटतं दात येतायत. सेल गिळताना कुणी बघितलेलं नाही. संध्याकाळी आई येते, गावातल्या डॉक्टरकडे नेते, तिथून एक्स-रेसाठी भाईंदर, सात-आठ किलोमीटर. लहान मुलांचं मोठं हॉस्पिटल म्हणून परळचं वाडिया गाठायचं तर भाईंदरहून आणखी तीसेक किलोमीटर. तोवर दोन तास कधीच उलटून गेले. म्हणूनच 'झाल्यावर बघू' हा पर्याय इथे नाही. झाकण उघडताच येऊ नये, हाच एक भरवशाचा उपाय आहे.

आणि झाकण? माझ्या पाहण्यातल्या ग्लुकोमीटरचं झाकण अंगठ्याने सरकतं. टीव्हीच्या रिमोटसारखं.

आता गंमत बघा. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी जे मानक आहे त्यात बटण सेलबद्दल स्पष्ट अट आहे: झाकण हत्याराशिवाय उघडता कामा नये, किंवा एकाच वेळी दोन वेगवेगळ्या हालचाली केल्याशिवाय उघडता कामा नये. म्हणजे नातवाच्या वाजणाऱ्या बदकाला स्क्रू, आणि त्याच पलंगावर पडलेल्या आजीच्या ग्लुकोमीटरला सरकतं झाकण! का, तर ग्लुकोमीटर 'मुलांसाठी नाही'. हे मुलाला कुणी सांगितलं का?

सरकारचं लक्ष या यंत्रांकडे गेलंच नाही, असंही नाही. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली. जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटर, बीपीचं यंत्र, नेब्युलायझर, डिजिटल थर्मामीटर आणि ग्लुकोमीटर या पाच वस्तूंवर विक्रेत्यांनी किती नफा घ्यावा याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. चांगलं झालं, लोकांचे पैसे वाचले. म्हणजे याच पाच वस्तू घराघरात आहेत हे दिल्लीला नेमकं ठाऊक होतं. किंमत बघितली, मग झाकण बघायला काय हरकत होती?

बाहेर तरी काय आहे? घरी वापरायच्या वैद्यकीय उपकरणांसाठी २०१० साली एक आंतरराष्ट्रीय मानक निघालं. वायर आणि नळ्या गळ्याभोवती आवळण्याचा धोका, छोटे भाग गिळण्याचा धोका, यांचे इशारे माहितीपत्रकात द्या असं ते सांगतं. म्हणजे पुन्हा माहितीपत्रकच! अमेरिकेत टेक्सासमधली रीस हॅमस्मिथ ही दीड वर्षाची मुलगी रिमोटमधला बटण सेल गिळून डिसेंबर २०२० मध्ये गेली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला: घरगुती वस्तूंमधल्या बटण सेलचं झाकण मुलाला उघडता येता कामा नये. पण तिथल्या कायद्यात वैद्यकीय उपकरणं 'ग्राहकोपयोगी वस्तू' या व्याख्येतच बसत नाहीत. म्हणजे अमेरिकेतसुद्धा रिमोट सुधारला आणि आजीचं यंत्र सुटलं. तेव्हा 'फॉरेनमध्ये कसं सगळं छान असतं' हे गाणं आज मी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. विषारी वस्तूंच्या झाकणांचा त्यांचा कायदा १९७० चा आहे, आणि झाकण 'मुलांना न उघडणारं' आहे की नाही हे ते कसं ठरवतात ते वाचून मी खुश झालो. साडेतीन ते सव्वाचार वर्षांची खरीखुरी मुलं बोलावतात, पन्नास-पन्नासच्या गटांत. दोघादोघांच्या हातात बाटल्या देऊन सांगतात, उघडा. पाच मिनिटं. नाही जमलं तर समोर उघडून दाखवतात, वर दातही वापरलेत तरी चालेल म्हणून सांगतात, आणि आणखी पाच मिनिटं देतात. शंभरातल्या निदान ऐंशी मुलांना शेवटपर्यंत ते उघडता येता कामा नये. मग तीच बाटली ५० ते ७० वर्षांच्या माणसांना देतात. त्यांतल्या शंभरातल्या नव्वदांना ती उघडता यायलाच हवी. याला म्हणतात टेस्टिंग! 'म्हाताऱ्यांना घट्ट झाकणं उघडत नाहीत हो' हा आक्षेप मला नेहमी ऐकवतात. त्याचं उत्तर १९९५ सालीच देऊन झालेलं आहे: दोघांनाही परीक्षेला बसवा. शिवाय ग्लुकोमीटरचा सेल काही रोज बदलत नाहीत. तो बदलताना मुलाला किंवा सुनेला स्क्रूड्रायव्हर आणायला सांगितलं तर कुणाचं काही अडत नाही.

दुसरा विषय सुयांचा. इन्सुलिनच्या पेनवर वापरलेली सुई तशीच ठेवायची सवय घरोघरी आहे. सुईशिवाय पेन मुलाच्या दृष्टीने नुसतंच फिरणारं चाक आहे. सुई लावलेलं पेन हे भरलेलं हत्यार आहे. तीन मिलीच्या एका पेनमध्ये ३०० युनिट असतात, आणि दहा किलोच्या पोराला त्यातले थोडेसुद्धा धोक्याचे. सुई काढून ठेवणं हा फुकटचा उपाय आहे, तरी किती घरांत पाळला जातो?

काढलेली सुई मग जाते कुठे? कचऱ्याच्या डब्यात. तो डबा ओट्याखाली, मुलाच्या उंचीवर. तिथून सोसायटीच्या ड्रममध्ये, तिथून पालिकेच्या गाडीत. आणि मिरा-भाईंदरची गाडी कुठे येते, माहितीये? आमच्याकडे. उत्तनच्या धावगी डोंगरावर. शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथे येत राहिला, आगी लागत राहिल्या, धूर गावात येत राहिला, गावकरी मोर्चे काढत राहिले. त्यामुळे मिरा रोडच्या विसाव्या मजल्यावरून टाकलेल्या सुईबद्दल आमचं काही म्हणणं असू शकतं, असं मला नम्रपणे वाटतं. ती सुई आधी कचरा वेचणाऱ्याच्या हातात घुसते. तिच्याजवळ तिचं मूलही असू शकतं.

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या सुया, सिरिंज, जुन्या बॅटऱ्या, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, मुदत संपलेली औषधं यांना 'घरगुती घातक कचरा' म्हटलं होतं. तो गोळा करायला दर वीस चौरस किलोमीटरमागे एक केंद्र उभारायचं कामही पालिकांना दिलं होतं. मिरा-भाईंदरचं क्षेत्रफळ सुमारे ७९ चौरस किलोमीटर. म्हणजे चार केंद्रं झाली. वाचणाऱ्यांपैकी कितीजणांना आपल्या जवळच्या केंद्राचा पत्ता सांगता येईल? पुणे, ठाणे, नाशिकवाल्यांनो, तुम्हीही हसू नका. तुमच्या शहराचा भागाकार करा आणि पत्ता शोधा.

तिसरा, ऑक्सिजन. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कॉन्सन्ट्रेटर आणि सिलिंडर भाड्याने घरोघरी आले. आमच्या गल्लीतही आले. यंत्र पोचवणाऱ्या माणसाने प्लग लावला, आकडा फिरवून दाखवला, डिपॉझिटचे पैसे मोजले आणि तो गेला. ते दिवसच तसे होते, त्याला आणखी दहा घरी जायचं होतं, हे मान्य. पण महामारी सरली तरी पद्धत तीच राहिली. त्याने सांगायला हव्या होत्या त्या गोष्टी अशा: नळी लांब असते, ती मुलाच्या गळ्याभोवती आणि पायात येते, म्हणून भिंतीच्या कडेने चिकटपट्टी लावून न्या. आकडा फिरवायची कळ मुलाच्या नाकासमोर येते, म्हणून यंत्राचं तोंड भिंतीकडे वळवा, हवा आत घेण्याची जाळी मात्र मोकळी ठेवा. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण चादरीत आणि कपड्यांत तो मुरला की ठिणगी भडकते, म्हणून मेणबत्ती, समई, उदबत्ती, गॅस यांपासून निदान दहा फूट. आता आमच्याकडे वेदीपुढची मेणबत्ती आणि पेशंटचा पलंग एकाच खोलीत, तुमच्याकडे देव्हारा आणि पलंग एकाच खोलीत. दहा फूट आणायचे कुठून? निदान ज्योतीऐवजी विजेचा दिवा लावा, देव रागावणार नाही. सिलिंडर असेल तर तो साखळीने भिंतीला बांधा. पोरं त्याला धरून उभी राहतात आणि तो उभाच्या उभा आडवा होतो.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशुंच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. ते किती पाळले हा वेगळा लेख होईल. पण तिथे निदान ऑडिट नावाची गोष्ट आहे. कॉन्सन्ट्रेटर घरी आला की ती गोष्टच संपते.

नेब्युलायझरबद्दल एकच बोलतो. मुलांच्या नेब्युलायझरला पांडाचा, पेंग्विनचा आकार देतात, मास्कला माशाचं तोंड. मूल रडू नये म्हणून. हेतू चांगला आहे. पण एका यंत्राशी 'ये, खेळ' म्हणायचं आणि शेजारच्या यंत्राला हात लावला की धपाटा घालायचा, तर त्या पोराने यातून काय शिकायचं?

आता नेहमीचा युक्तिवाद. 'आमच्या वेळी नव्हतं बाई हे काही. घरात विळी होती, चूल होती, विहीर होती, वाढलोच ना आम्ही?'

वाढलात, पण कसे ते आठवा. उत्तनमध्ये प्रत्येक घरात मासे कापायची मोरळी असते. तिचं पातं वस्तऱ्यासारखं. पण काम झाल्यावर उभी मोरळी सोडून उठलेली बाई मी पाहिलेली नाही. पातं आडवं पडतं, मोरळी भिंतीकडे तोंड करून जाते, आणि सून नवीन असली तर पहिल्याच दिवशी सासू हे सांगते. विहिरीला कठडा असतो. बोटीवर सुरी कुठे खोचायची ते ठरलेलं असतं. याला 'लक्ष ठेवणं' म्हणत नाहीत. ही व्यवस्था आहे, ती वस्तूतच किंवा हाताच्या सवयीत बसवलेली आहे आणि ती बसायला पिढ्या लागल्या. किती बोटं कापली गेल्यावर ती बसली, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. इन्सुलिनच्या पेनला अजून ती व्यवस्था नाही. तिच्यासाठी आणखी दोन पिढ्यांची बोटं मोजायची आहेत का?

आणि माणसाच्या लक्षावर किती भरवसा ठेवावा, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. ३१ जानेवारी २०२१, यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातलं कापसी-कोपरी. पल्स पोलिओचा दिवस. पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं सुदैवाने बचावली. हे घडलं सरकारी कार्यक्रमात, हेच काम नेमून दिलेल्या माणसांच्या हातून. कारवाई झाली ती कर्मचाऱ्यांवर. ती व्हायला नको होती असं मी म्हणत नाही. पण नुसती माणसं बदलून बग जात नाही. सॅनिटायझर आणि डोस एकमेकांच्या जागी येऊच शकणार नाहीत, असं काही केलं तर जातो. जे तिथे घडू शकतं, ते रात्री दोन वाजता अर्धवट झोपेतल्या घरात घडणार नाही, हे कशाच्या जोरावर म्हणायचं?

आता आपल्याबद्दल, म्हणजे हा लेख ऑफिसात चोरून वाचणाऱ्यांबद्दल. आईवडिलांसाठी ही यंत्रं कोण मागवतं? आपण. सेलमध्ये डिस्काउंट बघून, जेवणाच्या सुट्टीत, दोन क्लिकमध्ये. 'बाबा, पार्सल येईल, घेऊन ठेवा.' कर्तव्य संपलं. साहेब, याला डिलिव्हरी म्हणतात, डिप्लॉयमेंट नव्हे. ऑफिसात सर्व्हर नुसता पाठवून देऊन कुणी लाइव्ह झाल्याचा मेल टाकत नाही. यंत्र घरी गेलं की एक रविवार तिकडे जा. जमिनीवर बसा, मुलाच्या उंचीवरून खोली बघा. झाकणावर एक इंच रुंद मजबूत चिकटपट्टी दोनदा गुंडाळा, सेल बदलायच्या वेळी कापता येईल. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळा. सुयांसाठी फिनाईलची जाड रिकामी बाटली ठेवा, वर 'सुया' असं मोठ्या अक्षरांत लिहा, भरली की झाकण पक्कं बंद करा. आणि मावशीच्या प्रश्नावरचं उत्तर: उशाशी ठेवायच्या वस्तूंसाठी चारी बाजूंनी घट्ट कड्या असलेला डबा. तिला अंधारात उघडता येतो का ते करून बघा, आणि मग पोराच्या हातात रिकामा डबा देऊन दहा मिनिटं बघत बसा. कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा खरा निकाल मिळेल. सगळ्याचा खर्च दोनशे-तीनशे रुपये.

पण हे सांगताना मला थोडी भीतीही वाटते. कारण उद्या हीच यादी घेऊन कुणीतरी घरातल्या बाईलाच विचारेल, 'पट्टी का नाही लावलीस?' म्हणून पुन्हा सांगतो, ही यादी तात्पुरता पॅच आहे. मूळ बग दुसरीकडे आहे. ग्लुकोमीटर आणि थर्मामीटरच्या झाकणाला खेळण्याचाच नियम लावा. इन्सुलिनच्या सुया विकणाऱ्या प्रत्येक औषधवाल्याने वापरलेल्या सुया परत घ्याव्यात, आणि पालिकेने त्या तिथून उचलाव्यात. भाड्याने यंत्र देणाऱ्याने घरात मूल आहे का हे विचारल्याशिवाय आणि नळी, कळ, ज्योत यांबद्दल समजावून सांगितल्याशिवाय पावती फाडू नये. यात रॉकेट सायन्स कुठेच नाही. बदकाला स्क्रू लावणारा देश ग्लुकोमीटरला लावू शकतो.

आणि तोवर, कुणाच्या घरी असं काही झालंच, तर कृपा करून तो प्रश्न विचारू नका. आजीचं लक्ष होतं. ते दिवसभर होतं, आजारपणात होतं, बिनपगारी होतं.

ता. क. - मुलाने बटण सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट एक्स-रेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. ओकारी काढायला लावू नका. एक्स-रे होईपर्यंत खायला-प्यायला देऊ नका, अपवाद एकच: मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. अमेरिकेतल्या नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरचा हा सल्ला आहे. मधाने भाजण्याचा वेग कमी होतो, इलाज होत नाही, म्हणून तो वाटेतच द्या, त्यासाठी घरी थांबू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. दवाखान्यात शिरताच 'सेल गिळलाय' हे शब्द मोठ्याने सांगा, आणि तसाच दुसरा सेल किंवा यंत्र सोबत न्या. एक्स-रेत सेल नाण्यासारखा दिसतो. बारकाईने बघितलं तर त्याच्या कडेला दुहेरी कडं दिसतं.